सैल क्लचची साक्ष

मी मोटारसायकल बोलते आहे. माझे काम चालण्याचे. बोलण्याची मला हौस नाही. परंतु आठ महिने माझ्या तोंडून खोटी साक्ष वदवली गेली. ज्याच्यापुढे शेवटी सर्वांनाच उभे राहायचे आहे, त्याच्या दरबारी ती तशीच नोंदली जाऊ नये, एवढ्यासाठी मी तोंड उघडले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या शंभर जणी त्या दिवशी जन्मल्या असतील. शेवटच्या तपासणीला पांढऱ्या केसांची एक बाई उभी असे. तिने माझ्या डाव्या मुठीवरचा क्लचचा दांडा दोन बोटांनी हलवून पाहिला. दांडा आणि त्याची खोबण यांत नाण्याच्या जाडीएवढी मोकळीक असावी लागते. जास्त नाही, कमी नाही. तिने पुन्हा एकदा हलवला, मान डोलावली आणि माझ्या टाकीवर खडूने बरोबरची खूण केली. "सोडलं तर पूर्ण सोड, धरलं तर पूर्ण धर," असे ती प्रत्येक गाडीला पुटपुटत असे. मला मिळालेला उपदेश तेवढाच. मला तो आयुष्यभर पुरला असता.

क्लच म्हणजे काय, हे माझ्यावर वर्षानुवर्षे बसणाऱ्यांनाही ठाऊक नसते. इंजिन आणि चाक यांनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात. गिअर बदलायचा तर ते हात क्षणभर सुटावे लागतात. दांडा ओढला की एक तार ताणली जाते, आतल्या प्लेटा सुट्या होतात आणि गिअर निमूट आपल्या जागी बसतो. तार सैल असेल तर हात अर्धवटच सुटतात. वरून पायाने गिअर दाबला की दातावर दात आदळतो. खट्याक्! तो आवाज ऐकून लोक चालवणाऱ्याच्या पायाकडे पाहतात. दोष तारेत असतो.

मला घरी आणले ते एका घड्याळजीने. गल्लीच्या तोंडाशी त्याचे दुकान. घर त्याच गल्लीत वरच्या अंगाला. सगळी वस्ती त्याला घड्याळजी म्हणूनच हाक मारी. माणूस नेमाचा. दुकान उघडण्यापूर्वी हात जोडून दोन मिनिटे उभा राहणार, मगच कुलपाला किल्ली लावणार. मला तो दर रविवारी स्वतः पुसत असे, आरशाच्या मागची बाजूसुद्धा. त्याच्या हाताचा मला अभिमान होता. केसाएवढा स्क्रू पहिल्या खेपेला जागेवर बसवणारा तो हात होता.

त्यानेच आपल्या मुलीला माझ्यावर बसायला शिकवले. शाळेमागच्या मोकळ्या मैदानात तो भिंतीला टेकून डोळे मिटून उभा राही आणि ती मला फिरवून आणी.

"गिअर ऐकू आला की समजायचं, चूक झाली," तो म्हणे.

"आत्ता आला?"

"तिसरा आला. पुन्हा जा."

महिन्याभरात त्याला एकही गिअर ऐकू येईनासा झाला. तो डोळे उघडून म्हणाला, "झालं. आता तुला शिकवायला माझ्याकडे काही उरलं नाही." त्या दिवशी ती किती हसली होती! हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे याच नियमाने तिच्यावर वार झाला.

मुलगी नर्स झाली. घरोघरी जाऊन जखमा बांधण्याचे काम तिच्याकडे आले. रोज सकाळी औषधांची पेटी मागे बांधून आम्ही दोघी निघत असू. सर्वांत लांबचे घर दगडाच्या खाणीजवळचे. तिथे एका आजीच्या पायाला न भरणारी जखम होती. तिकडे बस जात नाही. पट्टी एक दिवस चुकली की जखम दोन दिवस मागे जाई. दुपारी मी घड्याळजीच्या ताब्यात. कचेऱ्यांच्या भिंतींवरची मोठी घड्याळे दुरुस्त करायला तो मला घेऊन जाई.

सगळे सुरळीत चालले होते. मग त्याचा डावा हात आखडू लागला.

ते प्रथम मला कळले. दुकानात डावा हात नुसता धरण्याचे काम करतो, कसब उजव्याचे. गिऱ्हाइकाला काही दिसत नव्हते. माझ्यावर मात्र डाव्या हातालाच ओढावे लागते. दांडा ओढताना त्याची बोटे थरथरत आणि तो दातांवर दात दाबून धरी. दोष थोडा माझ्याकडेही होता. माझी तार कोरडी पडली होती. तेलाचे चार थेंब आत गेले असते तर दांडा निम्म्याने हलका झाला असता. गॅरेज पाच मिनिटांवर होते. पण गॅरेजात गेले की मेकॅनिक विचारणार, "काय त्रास आहे, घड्याळजी?" आणि उत्तर द्यावे लागणार.

त्याने वेगळाच मार्ग काढला. दांड्यापाशी तारेचा ताण कमीजास्त करणारी एक गोल चकती असते. एका रविवारी त्याने घड्याळाचा बारीक चिमटा आणला आणि ती चकती एक आटा सैल केली. दांडा थोडा हलका लागला. पुढच्या रविवारी आणखी एक आटा. घड्याळाचे असेच असते ना, आज केसभर, उद्या केसभर! मी घड्याळ नव्हते. काही आठवड्यांत दांडा निम्मा वाटेत नुसताच लोंबू लागला आणि मुठीला टेकला तरी माझ्या प्लेटा पुरत्या सुटेनात.

मग मी ओरडू लागले. पहिला गिअर पडला की खट्याक्, दुसरा पडला की खट्याक्. उभी राहिले की न्यूट्रल सापडत नसे. ती माझी तक्रार होती. कोणीतरी येऊन तार पाहावी, एवढेच मला म्हणायचे होते.

घड्याळजीच्या दुकानासमोर एका टेलरमास्तराचे दुकान आहे. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि त्या टाचण्यांमधून सारखे बोलणे. एका सकाळी मुलगी मला घेऊन निघाली आणि त्याच्या दारातच माझा गिअर कडाडला. त्याने टाचण्या हातात घेतल्या.

"अहो घड्याळजी, तुमच्या गाडीच्या पोटात लोहार बसवलाय का?"

दोनचार गिऱ्हाइके हसली. घड्याळजीने नुकतेच हात जोडून कुलूप उघडले होते. तो म्हणाला, "मुलगी चालवते ना सकाळी. पाय आपटते."

एक वाक्य, तेही मागे वळून न पाहता. मुलगी अजून चार पावलांवर होती. तिने ऐकले. मीही ऐकले. प्रार्थनेसाठी जोडलेले हात अजून सैलही झाले नव्हते, आणि त्याच तोंडाने त्याने स्वतःच्या मुलीच्या नावावर आपला दोष लिहून टाकला!

टेलरमास्तराला तेवढे पुरले. दुसऱ्या दिवशी त्याने तिला "खट्याकबाई" म्हणून हाक मारली. आठवड्यात सगळी गल्ली म्हणू लागली. नाव गल्लीबाहेरही पोहोचले. खाणीजवळची आजीसुद्धा लांबून म्हणे, "आली गं आपली खट्याकबाई!" आजीच्या हाकेत माया होती. पण नाव तेच.

आणि हा गृहस्थ? दुपारी मला बाहेर काढताना इंजिन चालूच करत नसे. गल्लीला उतार आहे. न्यूट्रलमध्ये घरंगळत तो चौकापर्यंत जाई आणि तिथल्या गोंगाटात मला सुरू करी. परतताना चौकापासून एकाच गिअरमध्ये वर चढे. गल्लीने त्याच्या हातून माझा आवाज कधी ऐकलाच नाही. एवढी अक्कल खोटे टिकवायला खर्च केली; चकती चार आटे उलटी फिरवायला तिच्यातली चिमूटभर पुरली असती.

मुलीने बिचारीने काय काय केले! मऊ तळव्याचे बूट घेतले. गिअर अलगद, अंगठ्याच्या टोकाने दाबून पाहिला. रेस कमी करून पाहिली. मैदानात जाऊन एकटीच फेऱ्या मारल्या आणि दर खट्याक्‌ला ओठ चावले. एकदा मला थांबवून ती माझ्याशीच बोलली, "माझंच काहीतरी बिघडलंय का गं?" मला जीभ असती तर त्या क्षणी मी सगळी गल्ली जागी केली असती. माझ्याकडे होता फक्त तो आवाज, आणि तोच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा केला गेला होता.

मग ती सकाळ आली. चौकात लोक रस्ता ओलांडत होते म्हणून तिने मला थांबवले. पहिला गिअर होता, दांडा मुठीला टेकेपर्यंत ओढलेला होता. तरीही मी पुढे सरकले. सैल तारेची गाडी उभी राहत नाही. आतून ढकलली जाते. समोरून काठी टेकत एक वृद्ध चालले होते. माझे पुढचे चाक त्यांच्या काठीला लागले. काठी पडली, ते सावरले. मुलीने ब्रेक दाबला आणि मी बंद पडले. तिने उतरून काठी उचलून दिली. "लागलं नाही ना, आजोबा?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

घरी येऊन तिने काही लपवले नाही. आई आणि बाबा दोघे समोर होते.

"बाबा, आज एका आजोबांना धक्का लागता लागता राहिला. क्लच पूर्ण दाबलेला होता, तरी गाडी पुढे सरते."

क्लच दाबलेला, तरी सरते. त्या वाक्यात सगळे निदान होते. आयुष्यभर यंत्रे उघडणाऱ्या माणसाला ते कळले नसेल, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. त्याचा चेहरा मी दारातून पाहिला आहे. त्याला कळले. आणि तो म्हणाला, "किल्ली दे."

"बाबा..."

"माणसं मारशील उद्या. बसने जात जा."

"खाणीकडे बस जात नाही. गाडी नसेल तर मोठ्या सिस्टर ती फेरी दुसरीला देणार आणि मला आत नोंदींच्या टेबलावर बसवणार. सोमवारपर्यंत त्यांना सांगावं लागेल."

"मग टेबलावर बस. तुझ्या हातात गाडी नाही."

तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. उजव्या हातावर. डावा त्याने खिशात घातला होता.

आईने सगळे ऐकले होते. ती बाई मुळात कमी बोलते. दुसऱ्या दिवशी नवरा दुकानात गेल्यावर ती पायऱ्या उतरून माझ्यापाशी आली. तिला मोटारसायकल चालवता येत नाही. ती माझ्यावर कधी एकटी बसलेलीही नाही. तिने माझी मूठ धरली, स्टँड काढला आणि मागच्या बाजूच्या चढाने मला ढकलत गॅरेजात नेले. वाटेत तीनदा थांबली, पदराने मान पुसली.

मेकॅनिक चकित होऊन हसला. "काकू, किल्ली कुठाय?"

"किल्ली नाही. ढकलायला किल्ली कशाला लागते? आवाज का करते, ते सांग."

त्याने बसण्याआधीच दांड्याला बोट लावले. दांडा लोंबला. तो हसायचा थांबला.

"इथे नाण्याएवढी फट हवी काकू, इथे माझी दोन बोटं जातायत. कोण चालवतं?"

"सकाळी मुलगी. गिअर आपटते म्हणतात."

"म्हणणाऱ्याला एकदा आणा इकडे. या तारेवर कुणीही बसलं तरी गिअर आपटणारच. तुमची मुलगी एवढे दिवस कुठे धडकली नाही, म्हणजे हात चांगला आहे तिचा." मग त्याने चकतीवर नख फिरवले. "ही आपोआप सैल झालेली नाही. कुणीतरी फिरवलीये. आणि पान्याने नाही. हे बघा, किती बारीक दात उमटलेत. चिमट्यासारखं काहीतरी."

आईने वाकून पाहिले. मग ती हळूच म्हणाली, "तू नीट कर."

त्याने तार काढून तिच्यात तेल सोडले, वरून घातलेला थेंब खालून बाहेर येईपर्यंत. आधी इंजिनाकडचा ताण लावला, मग दांड्यापाशी केसभर, नाण्याच्या जाडीएवढी मोकळीक ठेवून. इंजिनातले काळेकुट्ट ऑइल बदलले. चेन ढिली होती, ती ताणली. कितीतरी महिन्यांनी माझे हात पूर्ण सुटले आणि पूर्ण धरले गेले.

संध्याकाळी, अजून उजेड असताना, घड्याळजी घरी आला. येता येता त्याने सवयीने माझ्या दांड्याला हात लावला आणि थबकला. खिशातून चिमटा काढला. चकतीवर वाकला. पुन्हा!

"अहो, काय शोधताय?" आई दारात उभी होती.

"काही नाही. घट्ट झालीये जरा."

"घट्ट नाही, बरोबर झालीये. मी नेली होती गॅरेजात."

"तू? किल्ली माझ्या खिशात आहे!"

"ढकलत नेली. चकतीवरच्या खुणा दाखवल्या त्याने. म्हणाला, चिमटा असावा. मी त्याला सांगितलं नाही, की तो चिमटा मी सव्वीस वर्षं माझ्या हाताने पुसतेय."

तो पायरीवर बसला. "सकाळी शर्टाचं बटण तू लावतेस, तेव्हाच समजायला हवं होतं तुला."

"समजलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

"घड्याळजीचा हात गेला म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढेल?"

"आणि नर्सचा हात गेला म्हटल्यावर? तिची पायरी कोण चढेल? स्वतःचा हात झाकायला पोरीचा हात खोटा पाडलात." तिचा आवाज चढला नाही. "मी तिला काही सांगणार नाही. जिथे बोललात, तिथेच जाऊन सांगा. गल्लीत."

त्याने काय केले असेल? जेवताना किल्ली मुलीच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, "मेकॅनिकने बघितलीये. ने उद्यापासून." संपले! आरोप भर रस्त्यात, आणि भरपाई म्हणे ताटाशेजारी. माणसांची ही रीत मला कधी पटलेली नाही. ज्या आवाजात दुसऱ्याला डाग लावला, तो डाग पुसताना तोच आवाज खाली का येतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने मला सुरू केले. पहिला गिअर. काही नाही. दुसरा. काही नाही. तिने आरशात स्वतःकडे पाहिले. टेलरमास्तराच्या दारात आलो तसे त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"वा, खट्याकबाई! शिकलात की अखेर गाडी!"

आणि ती हसून म्हणाली, "हो मास्तर. शिकले."

तिला ते खरे वाटत होते. आपणच चुकत होतो आणि आता सुधारलो, असे तिने मनाशी मान्य करून टाकले होते. आठ महिन्यांतला सर्वांत मोठा अन्याय मला तो वाटला.

समोर घड्याळजी बंद दाराशी हात जोडून उभा होता. त्याने मुलीचा तो शब्द ऐकला. त्याचे हात खाली आले. त्या दिवशी प्रार्थना अर्धीच राहिली. मला वाटते, ज्याला ती पोहोचायची होती त्याला ती पूर्ण पोहोचली असावी. तो रस्ता ओलांडून आला.

"थांब. इंजिन बंद कर. मास्तर, इकडे या."

त्याने डाव्या हाताने माझा दांडा धरला आणि ओढला. दांडा आता निम्म्याने हलका होता. तरीही तो अर्ध्यावर अडला. बोटे थरथरली, पांढरी पडली आणि सुटली.

"वर्षभर असा आहे हा हात. ओढवत नव्हतं, म्हणून मी तार सैल केली. आवाज त्याचा होता. हिच्या पायाचा कधीच नव्हता. आणि मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

टेलरमास्तराने गळ्यातली टेप सारखी केली. "असं होय," म्हणाला आणि आत गेला.

मुलगी खाली उतरली. ती ओरडेल असे मला वाटले. तिचा तो हक्क होता. तिने त्याचा हात हातात घेतला, उलटा केला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबले.

"इथे दुखतं?"

"हो."

"सकाळी जास्त?"

"हो."

"डॉक्टरांना दाखवायचं. उद्याच." मग पेटी नीट बांधत ती म्हणाली, "आजी वाट बघत असतील, मी जाते. आणि बाबा, मी तुमच्यावर खूप रागावलेय. ते संध्याकाळी बोलू."

त्या संध्याकाळी काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. मी बाहेर असते. जेवणे मात्र उशिरा झाली.

आता मी पूर्णपणे मुलीची आहे. खाणीकडची फेरी तिच्याकडेच राहिली. आजीची जखम कडेने भरत आली आहे. कचेऱ्यांत जायचे असले की घड्याळजी मागे बसतो. दुकानात डाव्या हाताचे काम टेबलाला बसवलेला, घड्याळ घट्ट धरून ठेवणारा एक छोटा शिकंजा करतो, आणि पायरी ओस पडलेली नाही. ज्या भीतीपोटी एवढे खोटे रचले, ती भीतीसुद्धा खोटीच निघाली.

माझे वय झाले आहे. टाकीवरचा रंग उडाला आहे, सीटला दोन ठिकाणी शिवण आहे. फार मागणे नाही. माझ्यासारखी कोणी ओरडू लागली, तर वर बसलेल्याला बोल लावण्यापूर्वी तिच्या दांड्याला एकदा बोट लावून पाहा. आणि तार आपणच सैल केली असेल, तर ज्या रस्त्यावर दुसऱ्याचे नाव घेतले त्याच रस्त्यावर आपले घ्या.

टेलरमास्तराने अजून आपला शब्द परत घेतलेला नाही. मुलगी त्याला काही म्हणत नाही. ती रोज सकाळी बरोबर त्याच्या दारात दुसरा गिअर टाकते. काहीही ऐकू येत नाही. ते त्याने एकदा कान देऊन ऐकावे, एवढे माझे येणे आहे.